दवाखान्यातली एक रात्र आणि एक वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या दहावी १९९५ च्या तुकडीच्या असून बालरुग्ण विभागात परिचारिका आहेत.)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बालरुग्ण विभागातील अनुभव’ असं छापलंय. पंचवीस वर्षांचे अनुभव पंधरा मिनिटांत सांगायचे म्हणजे हजेरी घेतल्यासारखं होईल. म्हणून मी एकाच रात्रीबद्दल बोलणार आहे. त्या रात्री मी ड्यूटीवर नव्हते. दवाखानाही माझा नव्हता. पेशंटची आत्या म्हणून मी खुर्चीवर बसले होते. पेशंट सहा वर्षांची. माझ्या भावाची मुलगी, याच ऊर्जानगरात, आपण लगोरी खेळायचो तसल्याच क्वार्टरांच्या लाइनीत वाढलेली.

त्याआधी एक जुनी गोष्ट तुम्हाला आठवायला लावते, कारण तिचा पुढे संबंध आहे. आपल्या वेळी पाचवीत आणि दहावीत धनुर्वाताचं इंजेक्शन असायचं. पाचवीत असताना दवाखान्याची गाडी फाटकातून आत आली आणि काही पोट्टे सायकल स्टँडच्या मागून कंपाउंडवरून उड्या मारून पळाले. त्यातले दोघं आज दुसऱ्या रांगेत बसलेत, माना खाली घालू नका, नावं घेत नाही. सुई टोचायला आलेले दादा सगळ्यांना सांगत होते, “काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटते.” पहिल्या मुलाला टोचल्यावर तो असा ओरडला की मुंगीवरचा आपल्या सगळ्यांचा विश्वास उडाला. मग आपल्या वर्गाच्या बाई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, “मुंगीबिंगी काही नाही. दुखेल. दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, संध्याकाळी दंड जड होईल आणि उद्याचा गृहपाठ माफ.” रांग सरळ झाली. बाई, तुम्हाला हे आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला आठवतंय, कारण नंतर नर्सिंगला गेल्यावर मुलांना सुई टोचण्याबद्दल जे काही शिकले, त्यातलं निम्मं तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. एक म्हणजे दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. किती वेळ ते सांगायचं. आणि नंतर काय होणार तेही सांगायचं.

आता माझ्या भाचीबद्दल.

तिला टॉन्सिलचा त्रास होता. वर्षातून सहा-सात वेळा ताप, घसा सुजलेला. त्याहून मोठा त्रास म्हणजे नाकामागे असते ती ॲडेनॉइडची गाठ वाढलेली. रात्री तोंड उघडं टाकून झोपायची, मोठ्या माणसासारखी घोरायची आणि मधेच श्वास थांबायचा. दोन-चार सेकंद. मग दचकून पुन्हा सुरू. वहिनी रात्र रात्र तिच्या छातीवर हात ठेवून जागी असायची. नागपूरच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही काढावं लागेल. सकाळी शस्त्रक्रिया आणि एक रात्र मुक्काम. मुक्काम कशासाठी, तर टॉन्सिल काढल्यावर पहिल्या चोवीस तासांत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. बहुतेक मुलांना होत नाही. ज्या थोड्यांना होतो, त्यांच्यासाठी ती एक रात्र.

तारीख ठरली मे महिन्यातली, सुट्टीत. घरात पहिला वाद झाला तो तिला सांगायचं की नाही यावर. माझी आई म्हणाली, “लेकराले काहून सांगता? भेईन न ते.” वहिनीचं म्हणणं, नागपूरला फिरायला जातोय म्हणू, आइस्क्रीम खाऊ, तिथे गेल्यावर बघू. यावर मी घरच्यांशी जरा आवाज चढवूनच बोलले. वॉर्डात अशी फसवून आणलेली मुलं मी कायम बघते. आइस्क्रीम खायला म्हणून निघालेलं मूल हिरव्या कपड्यांच्या माणसांत येऊन पडतं. मग ते आईच्या हातचं पाणीसुद्धा संशयाने पितं. सुईचं दुखणं संध्याकाळपर्यंत जातं, हा संशय पुष्कळ दिवस राहतो. शेवटी ठरलं की आत्यानेच सांगायचं.

चार दिवस आधी मी इकडे आले. फार आधी सांगू नये, लहान मुलांना वाट बघण्याचाच त्रास होतो. आदल्या रात्री एकदम सांगणंही बरं नाही. सहा वर्षांच्या मुलीला तीन-चार दिवस पुरतात. तिच्या बाहुलीला मी मास्क लावला, हाताला चिकटपट्टी लावली, सगळं दाखवलं. तिने प्रश्न विचारले. मी ते आमच्या शिकाऊ मुलींना अजून सांगते.

“कापताना मी झोपेतून उठले तर?”

तिला म्हटलं, तिथे एक डॉक्टर असतात, त्यांना भूलतज्ज्ञ म्हणतात. ते कापत नाहीत. ते तुझ्या डोक्याशी बसतात आणि तुझी झोप मोडत नाही ना, एवढंच पूर्ण वेळ बघतात.

“त्यांना झोप आली तर?”

“सकाळीच आहे तुझं ऑपरेशन. ते चहा पिऊन येतील.”

“आणि माझा दात?”

तिचा पुढचा दात हलत होता. हा प्रश्न मोठ्या माणसांना सुचत नाही, आणि तो फार बरोबर आहे. भूल देताना हलता दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ सहा-सात वर्षांच्या मुलांना दात हलतो का ते मुद्दाम विचारतात. मी म्हटलं, तूच त्यांना सांग. तिने सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर तो दात एका छोट्या बाटलीत घालून तिला परत मिळाला.

इथपर्यंत ती शांत झाली होती. पण आनंदाने जायला तयार झाली ती वेगळ्याच कारणाने. आणि ते कारण फक्त ऊर्जानगरच्या मुलीलाच असू शकतं.

आपण लहान होतो तेव्हा आपल्याला रात्रीची भीती होती ती मुख्यतः गोष्टींतली. वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे म्हणजे राक्षसाचे डोळे, असं आपणच एकमेकांना सांगायचो. आताच्या पोरांची भीती खरी आहे. ताडोबा आपल्या उशाशी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला आणि त्याच सुमारास दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाला नेलं. तुमच्यातले जे इथेच नोकरीला आहेत त्यांना मी काय सांगणार. तेव्हापासून दिवे लागले की दार बंद, सायकल आत. माझी भाची तेव्हा जेमतेम चालायला लागून धावायला शिकलेली. रात्र म्हणजे दार लावून घेण्याची वेळ, एवढंच ती शिकली. घराबाहेर ती कधी रात्रीची जागी राहिलीच नव्हती.

आणि तिचा बाप, माझा भाऊ, आदल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला ताडोबात मचाणावर बसून आला होता. पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसायचं, बोलायचं नाही, कोण पाणी प्यायला आलं ते वेळ टाकून लिहायचं. त्याने लिहिलं होतं: सांबर, रानडुक्कर, अस्वल, परत सांबर. वाघ काही आला नाही. पण त्या वहीचं पोरीला असं वेड लागलं की ‘मी पण येणार’ म्हणून वर्षभर तिने डोकं खाल्लं. लहान मुलांना तिथे नेत नाहीत.

मी बाहुलीचा मास्क काढत होते आणि ती म्हणाली, “आत्या, दवाखान्यातली खाट उंच असते का?”

म्हटलं, असते की. आपल्या पलंगापेक्षा बरीच उंच.

“आणि रात्री तिथे बोलायचं नसतं?”

घसा दुखेल, म्हणून बोलू नये म्हणतात.

झालं. मचाण ठरलं. तिने स्वतः बॅग भरली. टॉर्च, पाण्याची बाटली, बापाचं डिजिटल घड्याळ, पेन्सिल, खोडरबर आणि शंभर पानी वही. चड्ड्या-टॉवेल वहिनीने गुपचूप खाली कोंबले. दुर्बीण मिळाली नाही म्हणून थोडी कुरकूर झाली.

आता कोणी म्हणेल, मूल धीट होतं, नशीब तुमचं. मी तसं म्हणणार नाही. सकाळी ओटीच्या दाराशी ती रडली. भोकाड पसरून रडली. आईपासून दूर जावं लागलं म्हणून नाही, वही आत नेता येणार नाही म्हणून. तिथल्या सिस्टरने वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तिचं नाव लिहिलं आणि तिच्या डोळ्यांदेखत कपाटात ठेवली. दोन मिनिटांचं काम. मी स्वतः या धंद्यात आहे, म्हणून सांगते, सकाळच्या गर्दीत ती दोन मिनिटं काढणं सोपं नसतं.

रात्री मुलाजवळ कोणी थांबायचं, या विषयावर जरा थांबते, कारण यावर जगभर बरीच भांडणं झाली आहेत. आपल्या सरकारी दवाखान्यांत खाटेखाली चटई टाकून आई झोपलेली असते आणि बाहेर झाडाखाली आजी तीन दगडांवर भात शिजवते. हे बघून आपण नाक मुरडतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ रुग्णालयांत उलटा प्रकार होता. मूल भरती केलं की आईबापांनी घरी जायचं आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी भेटायला यायचं. मूल पहिले दोन दिवस रडायचं, मग गप्प व्हायचं. गप्प झालं की सगळे म्हणायचे, रुळलं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला ते पटलं नाही. त्याने साधा कॅमेरा घेतला आणि अडीच वर्षांच्या आतल्या एका मुलीचं हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठीचं आठ दिवसांचं वास्तव्य चित्रित केलं. १९५२ मध्ये ती फिल्म डॉक्टरांना दाखवली. ते पोर फारसं रडत नाही, आणि तेच बघवत नाही. पुष्कळ डॉक्टर चिडले. पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारच्या प्लॅट समितीने शिफारस केली की आईबापांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावं, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं. म्हणजे आपल्याकडची ती खाटेखालची चटई विलायतेत समिती नेमून मिळवावी लागली. मी चटईचं कौतुक करत नाही, आईला झोपायला धड जागा हवी. पण ती तिथे असते, हे आपल्याकडचं बरोबर आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण त्याहून चांगलं आहे. गडचिरोली १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथे १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी तिथल्या गोंड लोकांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, तिथले डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढऱ्यात आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो, तसे कपडे घातलेला माणूस आम्हाला काय जगवणार? इमारत मोठी, आत वाट सापडत नाही. आणि आमच्या माणसांना रात्री सोबत राहू देत नाहीत. मग धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्रामात जो दवाखाना झाला, तो गावासारखा, झोपड्यांचा झाला. पेशंटबरोबर घरची माणसं राहू लागली आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं.

ही गोष्ट सांगताना लोक ‘आदिवासींचे गैरसमज’ असा शब्द वापरतात, तेव्हा मला राग येतो. माझ्या वॉर्डातल्या पाच वर्षांच्या मुलाला विचारा, काय आवडत नाही इथे? कपडे, मोठी इमारत, आई बाहेर. तीच तीन उत्तरं. कुणाही माणसाला घराबाहेर, आजारी असताना, रात्री काय लागतं ते त्यांनी सांगितलं, एवढंच. फरक इतकाच की तिथे त्यांना कोणीतरी विचारलं.

तर ती रात्र.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुपारी चारपर्यंत भाची गुंगीत होती. पाचला गार दूध आणि थोडं आइस्क्रीम झालं. घसा दुखत होता, औषध दिल्यावर थोडं कमी. वहिनी खाटेशी, भाऊ खाली हॉलमध्ये, आणि मी वॉर्डाच्या दाराजवळच्या खुर्चीवर. तिथल्या सिस्टरने तेवढी सूट दिली होती. बोलता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही आधीच ठरवलं होतं. मचाणावरून काही दिसलं, किंवा काही वेगळं वाटलं, की माझ्याकडे टॉर्च तीनदा मारायचा.

‘काही वेगळं’ म्हणजे काय, तेही मी तिला सांगितलं होतं. तोंडात गरम वाटलं, खारट लागलं, लोखंड चाटल्यासारखी चव आली, तर लगेच. ‘रक्त’ हा शब्दही मी टाळला नव्हता. पडलेल्या दाताला येतं तेवढं येऊ शकतं, म्हटलं, आणि आलं तर डॉक्टर जागेच आहेत.

वही माझ्याकडे आहे. तिचं शुद्धलेखन आहे तसंच वाचते. बाई, तुम्ही कान बंद करा.

“८.४० शिस्टर १. निळी.”
“९.०५ मावशी. पोचा. वास.”
“९.५० मांजर १. जिन्यात. पानी नाही पिलं.”
“१०.१५ लाईट आपलीच.”

ही शेवटची नोंद मला कळेना. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, सगळे दिवे बंद केले, पण एक जळत होता. पप्पाच्या केंद्रातून वीज नागपूरला पण जाते ना? मग तो दिवा आपल्याकडचाच. परक्या गावात, परक्या खाटेवर, सहा वर्षांच्या पोरीने आपल्या घरचं काय शोधून काढलं, तर वीज. केंद्रात आयुष्य घालवलेले आपले वडील हे ऐकून किती खूश झाले असते!

“११.१० आजोबा. थरमास.”
“११.१२ आजोबा परत. थरमास विसरले.”
“१२.३० शिस्टर २. टॉर्च माझ्यापेक्शा छोटा.”

मग दीड तासाहून जास्त वेळ काही नाही. बहुधा डोळा लागला असावा. वहिनीचाही लागला होता. तीन रात्रींची जागलेली बाई ती.

“२.१० तोंडात लोकंड.”

लिहून झाल्यावर तिने टॉर्च मारला. आधी लिहिलं, मग मारला. मला दाराशी तीन झोत दिसले.

टॉन्सिलनंतरच्या रक्तस्रावाची एक वाईट खोड असते. मूल झोपेत ते रक्त गिळत राहतं. बाहेर काही दिसत नाही. आई समजते, छान झोपलंय. मग पोटात बरंच साठलं की एकदम उलटी होते आणि तोवर वेळ गेलेला असतो. म्हणून आम्हा नर्सेसना शिकवतात, झोपलेल्या मुलाचा गळा बघत राहा, सारखं गिळतंय का ते बघा. रात्रपाळीची सिस्टर ते दर थोड्या वेळाने बघतच होती. पण दोन फेऱ्यांच्या मधलं कोण बघणार? त्या रात्री ते पेशंटनेच बघितलं.

सिस्टर आली, तिने भाचीचाच मोठा टॉर्च घेऊन घशात पाहिलं. डाव्या बाजूला ताजं लाल होतं. पाच मिनिटांत ड्यूटीवरचे डॉक्टर आले. तिला उठतं बसवलं, थुंकायला ट्रे दिला, पाणी बंद. नाडी, रक्तदाब. हातातली सकाळची सुई बंद पडली होती म्हणून दुसरी लावावी लागली. तेव्हा माझी शूर शिकारी कळवळून रडली, तिला दोघींनी धरावं लागलं. रक्त थांबवायचं औषध गेलं. गटतपासणीला नमुना गेला. मोठ्या डॉक्टरांना फोन गेला आणि ते घरून निघाले. ओटीचे दिवे लावून ठेवले. मी पंचवीस वर्षं हेच काम करते, आणि त्या तासाभरात माझ्या हातांना करायला काहीच नव्हतं. मी तिचा पाय धरून बसले होते. पाय गार लागतोय की मलाच तसं वाटतंय, ते कळत नव्हतं. माझा भाऊ खालून धावत आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. केंद्रात बॉयलरशी काम करणारा माणूस, त्याच्या कपाळावर एसीत घाम.

साडेतीनच्या सुमारास थांबलं. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, पुन्हा अर्ध्या तासाने पाहिलं आणि म्हणाले, आत न्यायची गरज नाही. एक दिवस मुक्काम वाढला, एवढंच.

सकाळी सगळा वॉर्ड तिला ‘बहादूर, बहादूर’ म्हणत होता. मी सिस्टरला बाजूला घेऊन म्हटलं, बाई गं, तो शब्द नको. तिला वाटलं, मला दृष्ट लागण्याची भीती आहे.

दृष्टीचं नाही. माझ्या वॉर्डात एकदा आठ वर्षांचा मुलगा होता. बाप सज्जन, मुलावर जीव. जाताना सांगून गेला, “तू शूर आहेस ना? मग रडायचं नाही, सिस्टरला त्रास द्यायचा नाही.” रात्रभर त्या मुलाला विचारत होतो, पोट दुखतं का? मान हलवायचा, नाही. चेहरा पांढरा, ओठ दाबलेले, पण नाही. पहाटे ताप चढला तेव्हा कळलं, अपेंडिक्स फुटलं होतं. वाचला. पण शूर राहायचं म्हणून त्याने सहा-सात तास जे सोसलं ते सोसायची काही गरज नव्हती. मुलग्यांच्या बाबतीत हे जास्त होतं. आपल्या वर्गातल्या बापांनो, हे तुमच्यासाठी आहे.

माझ्या भाचीला त्या रात्री कोणी शूर व्हायला सांगितलं नव्हतं. तिचं काम न घाबरणं हे नव्हतंच. तिचं काम होतं जे दिसेल, जे वाटेल ते लिहायचं. घाबरली असती तर तेही तिने वेळ टाकून लिहिलं असतं. लिहिलंच आहे. २.४० ची नोंद आईकडून लिहून घेतलीय, कारण हाताला सुई होती: “मी रडले. खूप.” तिच्या बापाच्या वहीत जसं अस्वल, तसं तिच्या वहीत हे.

ती आता बरी आहे. घोरत नाही. वहिनी रात्री झोपते. मधे शाळेत ‘माझी सहल’ असा निबंध होता, त्यात तिने दवाखाना लिहिला. तिच्या बाईंनी गुण दिले की नाही ते मी विचारलं नाही. मचाणाचा हट्ट अजून सुटलेला नाही, पण त्याला अजून बरीच वर्षं आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुलाची भरती ठरली असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा. बॅगेत काय भरायचं, उपाशी किती तास ठेवायचं, भूलतज्ज्ञांना काय सांगायचं, सगळं सांगते. फक्त दवाखाना कोणता चांगला, ते विचारू नका, मला नोकरी करायची आहे. आणि ती वही मी भाचीकडून मागून आणली आहे. फोटोंच्या टेबलावर ठेवते. बघा, पण तिच्यात काही लिहू नका. उरलेली पानं तिला हवी आहेत, असं तिने बजावून सांगितलंय.